बाबांच्या बाहुल्या आणि राजमुकुट

प्रिय ताई,

मी ५४ वर्षांची, लालबागला राहते. आमच्या चाळीचा टॉवर झाला, त्यात वन-बीएचके मिळाला. घरात मी, मिस्टर, बारावीला असलेला मुलगा आणि माझे बाबा. सव्वा वर्षापूर्वी आई गेली, तेव्हा मी बाबांना इकडे आणलं. बाबा ८३ वर्षांचे. गाव कुडाळकडचं. गिरणीत फिटर होते, १९८२ च्या संपात नोकरी गेली. तोवर कामगार कल्याणच्या स्पर्धेत नाटकं करायचे, 'राजमुकुट'मध्ये त्यांना बक्षीस मिळालं होतं असं आई सांगायची. गणपतीत मंडळाचे हलते देखावेही तेच बसवायचे.

वाढदिवसाला माझ्या मुलानं त्यांना जुन्या डीव्हीडींचे दोन संच आणून दिले. एकात 'थंडरबर्ड्स' ही बाहुल्यांची जुनी इंग्रजी मालिका, दुसऱ्यात बीबीसीनं टीव्हीसाठी केलेली शेक्सपिअरची नाटकं. आता बाबांना दुसरं काही सुचत नाही. दुपारी बाहुल्या, संध्याकाळी राजेराण्या. तेच भाग पुन्हा पुन्हा. मध्येच थांबवतात, मागे नेतात, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहतात. 'मॅक्बेथ' तर आठवड्यातून तीनदा. तेव्हा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत असतात. इंग्रजी बेताचंच येतं, तरी. आवाज इतका मोठा की मुलाचा अभ्यास होत नाही. दादा ठाण्याला असतो. तो म्हणतो, म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, बाबांचं डोकं आता चालत नाही, त्यांना टीव्हीपासून तोड. परवा मी रागात रिमोट लपवला. बाबा एक शब्द बोलले नाहीत, गॅलरीत जाऊन बसले. तेव्हापासून मला झोप नाही. मी काय करू?

– एक लेक, लालबाग

*

प्रिय मैत्रिणी,

रिमोट अजून परत केला नसेल तर आधी तो द्या. बाकीचं मग बोलू.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी मला एक दमलेली लेक दिसली. दुसऱ्या वेळी बाबा दिसायला लागले. तुम्ही त्यांची ओळख करून देताना तीन गोष्टी सांगून टाकल्यात: फिटर होते, हलते देखावे बसवायचे, नाटकं करायचे. आणि पुढच्याच परिच्छेदात एका वेगळ्याच म्हाताऱ्या माणसाबद्दल लिहावं तशी काळजी लिहिलीत. हे दोघे एकच आहेत. वाढदिवसाला मिळालेल्या दोन खोक्यांत या माणसाचं अर्धं आयुष्य निघालं, असं मला वाटतं. तुमच्या मुलाला कदाचित त्याचा पत्ताही नसेल, पण त्यानं फार नेमकी भेट आणली.

आधी बाहुल्या. 'मध्येच थांबवतात, मागे नेतात, जवळ जाऊन उभे राहतात.' लहान मूल असं बघत नाही. त्याला पुढे काय होतं याची घाई असते, कुणी थांबवलं तर ते रडतं. थांबवून, मागे नेऊन, नाक काचेला लावून बघतो तो कारागीर. हे हललं कसं, हे त्याला शोधायचं असतं.

तुमच्या पत्रानंतर मी स्वतः 'थंडरबर्ड्स'चे दोन भाग बघितले. विमान बाहेर काढायचं म्हणून रस्त्याच्या दोन्ही कडांची माडासारखी झाडं बुंध्यापासून बाहेरच्या बाजूला कलंडतात. विमानाच्या पंखांना जागा हवी ना! ते बघताना मला लालबाग-परळच्या मंडपातले देखावे आठवले. पडद्यामागे घरघरणारी मोटर, तिच्या दांड्याला लावलेली लाकडी चकती, चकतीवर घासत वरखाली होणारी पट्टी, आणि पुढे राक्षसाचा हात उठतोय, देवीचा त्रिशूळ खाली येतोय. रांगेतल्या लोकांना त्रिशूळ दिसतो. मागे पान्हा घेऊन बसलेल्याला पट्टी दिसते. तुमचे बाबा त्या मागच्या बाजूचे.

आणि या मालिकेची मागची बाजू फार सुरेख आहे. ती थोडी समजून घ्या, म्हणजे त्यांच्याशी बोलायला विषय मिळेल. इंग्लंडमध्ये स्लाऊ नावाच्या गावात गेरी आणि सिल्व्हिया अँडरसन या जोडप्यानं ती बनवली. सप्टेंबर १९६५ मध्ये ती टीव्हीवर आली आणि तिचे ३२ भाग झाले. बाहुल्या साधारण पावणेदोन फुटांच्या. चालवणारे वर मचाणावर उभे, तिथून टंगस्टनच्या अगदी बारीक तारा खाली सोडलेल्या. बाहुलीचं तोंड त्यांना वरून दिसणार कसं? म्हणून त्यांच्यासमोर मॉनिटर ठेवलेला असायचा. संवाद आधीच टेप करून ठेवायचे. त्या आवाजाबरहुकूम विजेचे झटके तारेतूनच बाहुलीच्या डोक्यात जायचे, तिथं एक छोटं सोलेनॉइड, म्हणजे वीज मिळाली की ओढ देणारी तारेची गुंडाळी, बसवलेलं, आणि ते खालचा ओठ हलवायचं. म्हणजे ज्या तारा बाहुलीला उचलून धरतात, त्याच तिला बोलायलाही लावतात. तारा कॅमेऱ्यात चमकू नयेत म्हणून त्यांना मागच्या देखाव्याला जुळेल असा रंग मारायचे. तरी कधी कधी दिसतातच. बाबा टीव्हीजवळ जातात ते याच तारा शोधायला जात असतील, असा माझा अंदाज आहे.

एक गोष्ट मला स्वतःला फार आवडली. बाहुलीला बटण दाबायचं असलं की चित्र बदलतं आणि समोर येतो खऱ्या माणसाचा हात. नखं, बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या, सगळं स्पष्ट. बाहुलीच्या बोटांना बारीक काम जमत नाही, म्हणून तेवढ्यापुरता माणूस. चालणंही बाहुल्यांना धड जमत नसे, म्हणून त्या बहुतेक वेळा कमरेपासून वरच दिसतात, नाहीतर खुर्चीवर, गाडीत, सरकत्या पट्ट्यावर. देखावा बसवणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. राक्षसाचे पाय झुडपामागे का ठेवायचे, हे त्यानं लालबागच्या मंडपात स्वतःच ठरवलेलं असतं.

बाबांना एक कोडं घाला. या बाहुल्यांची डोकी अंगाच्या मानानं मोठी का? सोलेनॉइड डोक्यात मावायला हवं, म्हणून. त्याच स्टुडिओनं १९६७ मध्ये 'कॅप्टन स्कार्लेट' केली, तेव्हा ती यंत्रणा छातीत नेली आणि डोकी माणसासारखी अंगाच्या प्रमाणात झाली. हे कोडं त्यांनी कधीच सोडवलेलं असेल, तर ते तुम्हाला समजावून सांगतील. ते सांगत असताना त्यांच्या हातांकडे बघा.

यावर कुणी हसलं, तर हसू द्या. मोठ्या माणसांनी बाहुल्या बघणं आपल्याकडे नवं नाही. कुडाळकडचं गाव म्हणता, मग पिंगुळी त्यांना परकी नसणार. तिथल्या ठाकर मंडळींनी कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. रामायणातले प्रसंग त्या बाहुल्यांनी दाखवायचे ते म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळ्या गावाला. मुंबईत रामदास पाध्यांच्या मांडीवर बसलेल्या अर्धवटरावाचं बोलणं मोठ्यांनीच जास्त टाळ्या देऊन ऐकलं. बाबांना विचारा, लहानपणी गावात बाहुल्यांचा खेळ बघितला होता का.

शिवाय 'थंडरबर्ड्स'ची गोष्टसुद्धा पोरकट नाही. १९६३ मध्ये पश्चिम जर्मनीत लेंगेडे इथल्या खाणीत पाणी घुसलं आणि माणसं आत अडकली. भोक पाडायचं अवजड यंत्र लांबून आणावं लागलं. अपघातानंतर १४ दिवसांनी ११ खाणकामगार जिवंत वर आले. ती बातमी ऐकून अँडरसनच्या मनात आलं, अशी यंत्रं कुणीतरी कायम तयार ठेवली असती तर? त्यातून संकटात धावून जाणाऱ्या पाच भावांची ही मालिका निघाली. ज्यानं गिरणीतल्या यंत्रांमध्ये उमेदीची वर्षं काढली, त्याला या गोष्टीत काय दिसत असेल याचा विचार आपण करायला हवा.

आता 'मॅक्बेथ'. इथं मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, जी तुम्हाला बहुधा माहीत नाही. माहीत असती तर पत्रात तसं लिहिलं असतंत. 'राजमुकुट' म्हणजेच 'मॅक्बेथ'. वि. वा. शिरवाडकरांनी १९५४ मध्ये 'मॅक्बेथ'वरून 'राजमुकुट' लिहिलं. ज्या नाटकात बाबांना बक्षीस मिळालं, तेच नाटक ते आठवड्यातून तीनदा बघतायत.

इंग्रजी बेताचं असून कळतं कसं, हा तुमचा प्रश्न इथंच सुटला. ज्यानं नाटक तालमीत महिना-दोन महिने घोटलंय, त्याला कोणत्या प्रवेशात कोण येणार, कुणाचं काय जाणार, हे भाषेशिवाय कळतं. आणि शेक्सपिअर आपल्याला तसा परकाही नाही. आगरकरांनी १८८३ मध्ये 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं. १८९० मध्ये देवलांचा 'झुंजारराव' आला, तो 'ऑथेल्लो'. 'त्राटिका' आली, ती 'द टेमिंग ऑफ द श्रू'. गणपतराव जोशींचा हॅम्लेट बघायला आपले खापरपणजोबा गर्दी करायचे. विंदांनी 'राजा लिअर' मराठीत आणला. दीडशे वर्षं होत आली, हा माणूस मराठीत बोलतोय.

म्हणून ते पुटपुटणं. तुम्हाला ते भरकटल्याचं लक्षण वाटलं. मला वाटतं, ते शिरवाडकरांची वाक्यं म्हणत असावेत. पडद्यावर इंग्रजी आणि ओठांवर मराठी. मी लांबून हे खात्रीनं सांगू शकत नाही, पण तुम्ही सांगू शकाल. एकदा स्वयंपाकघरातला नळ बंद करा आणि कान द्या.

कान देण्याआधी एक जागा सांगून ठेवते. नाटकाच्या शेवटाकडे, पाचव्या अंकात, मॅक्बेथ लढाईच्या तयारीत असतो. आतून बायकांच्या रडण्याचा आवाज येतो आणि कुणीतरी येऊन सांगतं, राणी गेली. त्यावर तो रडत नाही. तो म्हणतो, उद्या, मग उद्या, मग पुन्हा उद्या, दिवस असे पावलापावलानं सरकत राहतात. आयुष्य म्हणजे एक बिचारा नट, घटकाभर रंगमंचावर मिरवतो, तळमळतो, आणि मग त्याचं काही ऐकू येत नाही.

तुमची आई जाऊन सव्वा वर्ष झालं. बाबा नट होते. मी यापुढे काही लिहीत नाही. तुम्ही त्यांची लेक आहात, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. एवढंच सांगते, नाटक तिथं पोचलं की हॉलमधून जाऊ नका, मिक्सर लावू नका, 'बाबा, जेवायला' अशी हाक मारू नका.

माझी आई शेवटची दोन वर्षं एकाच नाटकाची कॅसेट लावायची. तिसरा अंक आला की खोलीचं दार लोटून घ्यायची. आम्ही सगळे म्हणायचो, काय गं तेच तेच. मी एकदाही दार उघडून आत बसले नाही. तिला त्या अंकात काय ऐकायचं असायचं, हे आता मला कुणी सांगणार नाही. तुमच्या घरात ते सांगणारा माणूस अजून गॅलरीत बसलाय.

आता डॉक्टरांचं. दादाची भीती मी उडवून लावत नाही, वडील ८३ वर्षांचे असताना ती वाटणारच. पण लक्षणं म्हणून काय बघायचं ते नीट ठरवा. आवडीची गोष्ट पुन्हा पुन्हा बघणं, तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणं, पाच मिनिटांपूर्वी विचारलेलं पुन्हा विचारणं, पैशांचा हिशेब अचानक न जमणं, साध्या वस्तूंची नावं न आठवणं, आज जेवलो की नाही हे न कळणं, असं काही दिसतंय का? तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. उलट डीव्हीडी लावणं, नेमक्या जागी थांबवणं, मागे नेणं, हे सगळं ते स्वतः करतायत. तरीही फॅमिली डॉक्टरकडे एकदा न्या. स्मरणशक्तीची साधी चाचणी, थायरॉइड आणि बी-१२, डोळ्यांत मोतीबिंदू आहे का ते. आणि कान तर नक्की. आवाज मोठा लावतात याचं सरळ कारण ऐकू कमी येणं हे असू शकतं, आणि गिरणीच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाचे कान त्यात गेले असतील तर नवल नाही. ऑडिओमेट्री करून घ्या. यंत्र लागलं तर लावा.

जेवण सुटलंय, रात्र रात्र झोप नाही, कुणाशी बोलणंच बंद झालंय, असं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. सव्वा वर्ष हा दुःखाला फार मोठा काळ नाही, पण मदत घ्यायला कमीपणा कसला.

मुलाच्या अभ्यासाची तुमची तक्रार रास्त आहे, तीही बाजूला टाकू नका. एका हॉलमध्ये बारावी आणि शेक्सपिअर दोन्ही मावत नाहीत. कानावर बसणारे वायरलेस हेडफोन घ्या, उशीसारखे मऊ असलेले, कानात खुपसायचे नकोत. वेळ ठरवा, आणि ती बाबांना विचारून ठरवा, त्यांना नुसती कळवू नका. मुलगा क्लासला जातो त्या वेळात स्पीकर मोकळा, तो घरी असला की हेडफोन. नाटकाच्या तालमीला वेळेवर हजर राहिलेला माणूस आहे, वेळापत्रकाचा त्यांना राग येणार नाही. राग येतो तो रिमोट लपवण्याचा. एका बैठकीत तासभर, मग उठून गॅलरीत चार फेऱ्या, पाणी, एवढं मात्र बघा. बीबीसीची नाटकं दोन-दोन, तीन-तीन तासांची आहेत. रंगभूमीवर मध्यंतर असतं, घरातही असू द्या. चहा द्या मध्ये.

टीव्हीत दोन गोष्टी करून घ्या, मुलाला पाच मिनिटं लागतील. हे सगळे जुने कार्यक्रम चौकोनी चित्राचे आहेत, नवा रुंद टीव्ही ते ताणून दाखवतो आणि सगळी माणसं बुटकी, जाडी दिसतात. चित्राचं माप चार-तीनवर आणायचं. कडांना काळे पट्टे दिसतील, ते दिसू देत. दुसरं, हालचाल गुळगुळीत करणारी जी सेटिंग असते ती बंद करायची, त्यानं जुन्या फिल्मची मजा जाते. आणि नाटकाला इंग्रजी सबटायटल असतील तर चालू ठेवा. ऐकायला आलेलं अर्धं, वाचलेलं अर्धं, मिळून पुरतं. डीव्हीडी पुसायच्या त्या मऊ कापडानं मधून कडेकडे, गोल गोल नाही. पावसाळ्यात उघड्या ठेवू नका.

हे सगळं घरखर्चात बसेल असं आहे. पण एक वस्तू मात्र त्यांच्यासाठी मुद्दाम शोधून आणा. तुमच्या संचात जो 'मॅक्बेथ' आहे तो १९८३ चा. त्याच्या आधी, १९७९ मध्ये, इंग्लंडच्या टीव्हीवर दुसरा एक आला होता, ट्रेव्हर नन यांनी रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी बसवलेला. इयन मॅकेलन मॅक्बेथ, जूडी डेंच त्याची राणी. त्यात महाल नाही, तटबंदी नाही. काळोख, जमिनीवर आखलेलं एक वर्तुळ, आणि तोंडावर पडणारा थोडासा प्रकाश. झोपेत चालण्याच्या प्रवेशात जूडी डेंच अशी काही कण्हते, की तो आवाज कुठून आला हे कळत नाही. मोठ्या नेपथ्याला पैसे नसताना कामगार कल्याणच्या स्टेजवर नाटक उभं केलेल्या माणसाला हा प्रयोग कळेल. मला वाटतं, त्यांना तो बीबीसीपेक्षा जास्त आवडेल. मला तरी आवडतो. परदेशी डीव्हीडी मागवलीत तर एक बघा, इंग्लंडच्या डीव्हीडीचा विभाग दोन आणि आपला पाच, जुना प्लेअर कधी कधी ती घेत नाही.

नातवालाही यात ओढता येईल, पण परीक्षेनंतर, आणि जबरदस्ती न करता. १९९२ आणि १९९४ मध्ये शेक्सपिअरच्या बारा नाटकांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ॲनिमेशनपट आले. पैसा आणि आवाज ब्रिटनचे, चित्रं मॉस्कोच्या सोयुझमुल्तफिल्म स्टुडिओतल्या कलावंतांची. त्यातले काही हातानं रंगवलेले आहेत, पण 'द टेम्पेस्ट', म्हणजे पाडगावकरांनी मराठीत आणलेलं 'वादळ', आणि 'ट्वेल्फ्थ नाइट' हे बाहुल्यांनी केलेत. तारा नाहीत, एकेक फ्रेम काढताना बाहुली केसभर हलवायची, असं करत करत अर्धा तास. बाबांची दोन्ही वेडं एकाच ठिकाणी. नातू कॅमेऱ्याबद्दल सांगेल, आजोबा सांध्यांबद्दल सांगतील.

दादाला मी काय सांगावं असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. फोनवर वाद घालू नका. त्याला एका रविवारी जेवायला बोलवा. ठाण्याहून लोकलनं तासाभरात येईल. संपाच्या वेळी तोही लहान असेल. बाबा तेव्हा चाळिशीचे होते. गिरणी गेली, पगार गेला, हे तुम्हा दोघांनाही आठवत असेल. त्याच वेळी नाटकही सुटलं, हे घरात कुणी मोजलं होतं का? पोटाची चिंता असताना कोण मोजणार. तुमच्या पत्रातल्या 'तोवर' या एका शब्दात ते आहे. तुम्ही तो सहज लिहून गेलात.

त्या रविवारी दुपारी जेवणं झाली की भांडी तशीच राहू द्या. पंखा लावा, पडदे ओढा, डीव्हीडी बाबांना लावू द्या. तुम्ही त्यांच्या खुर्चीशेजारी खाली सतरंजीवर बसा, दादालाही बसवा. ते पुटपुटायला लागले की टीव्हीकडे नको, त्यांच्याकडे लक्ष द्या. मध्यंतर होऊ दे. चहाचा कप हातात देताना विचारा, "बाबा, 'राजमुकुट'मध्ये तुमचं कोणतं काम होतं?"